गाण्याची प्रतवारी

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ईएमआय या ब्रिटिश कंपनीने ‘क्वीन’ नावाच्या चौघा तरुणांच्या रॉक वाद्यवृंदाची एक छोटी तबकडी विक्रीस आणली. तिच्या एका बाजूवर ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गीत होते. त्याची लांबी पाच मिनिटे पंचावन्न सेकंद. या घटनेला आता अर्धशतक उलटून गेले आहे. कापसाचा भाव, पगाराची तारीख आणि परीक्षेचे निकाल हे ज्यांच्या रोजच्या बोलण्याचे विषय, त्या अमरावती-अकोल्याच्या वाचकांनी एका विलायती तबकडीची दखल का घ्यावी, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अप्रस्तुत म्हणता येणार नाही. त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, हे गीत रचणारा आणि गाणारा कलावंत आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळेत वाढला. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. या गीताचे मूल्यमापन प्रथम जाणकारांनी केले, मग बाजाराने आणि अखेर काळाने. तिघांचे निकाल सारखे लागले नाहीत. त्यामुळे एखाद्या कृतीची प्रत कोणी ठरवायची आणि कशी, हा जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. वऱ्हाडाने कापसाच्या बाबतीत या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीच हात घातला होता. गाण्याच्या, कवितेच्या आणि आपल्या मुलांच्या गुणांच्या बाबतीत मात्र आपण तो अजून नीटसा विचारलेलाही नाही.

पाचगणीचा विद्यार्थी

फ्रेडी मर्क्युरी या नावाने जगाला ठाऊक असलेल्या या गायकाचे मूळ नाव फारूख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारमधला. आईवडील गुजरातेतून तिकडे गेलेले पारशी. वडील ब्रिटिश वसाहत सरकारच्या नोकरीत रोखपाल. १९५५ च्या सुमारास, आठ वर्षांच्या वयात, या मुलाला समुद्र ओलांडून सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यात आले. १९६३ पर्यंत तो तेथे होता. त्याचे चरित्रकार सांगतात की, शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलाचा संगीताकडील ओढा हेरला आणि थोडी जादा फी भरल्यास त्याला पियानोचे रीतसर शिक्षण देता येईल, असे आईवडिलांना पत्राने कळविले. आईवडिलांनी ती फी भरली. मुलगा पियानोच्या चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला. शाळेतल्याच पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा एक वाद्यवृंद काढला, त्यात तो पियानो वाजवी. जानेवारी १९६४ मध्ये झांझिबारमध्ये राज्यक्रांती झाली आणि हे कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. लंडनच्या विमानतळाजवळ फेल्टम नावाचे एक साधे उपनगर आहे, तेथे ते स्थायिक झाले.

एका रोखपालाने आपल्या पगारातून मुलाच्या पियानोसाठी जादा फी दिली, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला थबकून विचार करायला लावते. या खर्चाचा परतावा काय मिळणार हे त्या वेळी कोणालाच सांगता आले नसते. मानवी भांडवलातील गुंतवणूक असे भारदस्त नाव आपण त्याला आज देऊ. पण त्या व्यवहाराचे खरे मर्म मुख्याध्यापकांच्या पत्रात आहे. मुलगा वर्गात कितवा आला, एवढेच कळवून ते थांबले नाहीत. गुणपत्रिकेत ज्याला रकाना नव्हता असा एक गुण त्यांनी पाहिला आणि त्याची दखल लेखी घेतली. प्रतवारी ती हीच, आणि तिच्यावाचून पुढले काहीच घडले नसते.

सवयीचा झालेला नियम

गीत सुमारे तीन मिनिटांचे असावे, हा संकेत कोठून आला? मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपासच आवाज मावत असे. आपल्याकडच्या बुजुर्ग गवयांनी रात्र रात्र रंगणारे राग या सव्वातीन मिनिटांत कोंबून दिले आणि नाट्यपदांनीही तेवढ्याच जागेत अंग चोरले. १९४९ साली अमेरिकेत पंचेचाळीस फेऱ्यांची लहान तबकडी आली, पुढे दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या रूढ झाल्या, यंत्राची अडचण दूर झाली. परंतु आकाशवाणी केंद्रे आणि विक्रेते यांची सवय तीच राहिली. यंत्राच्या मर्यादेतून सवय जन्मते आणि सवयीला पुढे शास्त्राचा मान मिळतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

‘बोहेमियन रॅप्सडी’ने हा संकेत मोडला, आणि तो एकटाच मोडला असेही नव्हे. या गीताला ध्रुवपद नाही. साथीवाचून समूहस्वरात ते सुरू होते, मग पियानोवर एक करुण कहाणी सांगते, मध्येच ऑपेराच्या थाटाचा बहुस्वरी गोंधळ मांडते, तेथून कर्कश गिटारीच्या रॉकमध्ये कोसळते आणि शेवटी पुन्हा हलक्या आवाजात विरते. त्यात ‘बिस्मिल्ला’ हा अरबी शब्द येतो आणि गॅलिलिओही येतो. ध्वनिमुद्रणाला ऑगस्ट १९७५ मध्ये वेल्समधील रॉकफील्ड येथे आरंभ झाला. चोवीस पट्ट्यांच्या फितीवर तिघांचेच आवाज पुनःपुन्हा एकावर एक चढवून ऑपेराचा तो भाग सुमारे तीन आठवड्यांत सिद्ध करण्यात आला.

कंपनीतल्या मंडळींना वाटले, इतके लांब गीत कोणतेही केंद्र लावणार नाही. कापून लहान करावे. वाद्यवृंदाने नकार दिला. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकाने तबकडी विक्रीला येण्यापूर्वीच ती दोन दिवसांत चौदा वेळा वाजविली, असे सांगितले जाते. दुकानांत विचारणा सुरू झाली आणि कंपनीची शंका आपोआप मिटली.

तीन निकाल

समीक्षकांचा पहिला निकाल संमिश्र होता. काहींना धाडस आवडले. परंतु ‘मेलडी मेकर’ या त्या वेळच्या प्रतिष्ठित संगीत-साप्ताहिकाच्या समीक्षकाने ही वरवर छाप पाडणारी नक्कल आहे आणि तिच्यातला ऑपेरा हौशी मंडळींच्या प्रयोगासारखा आहे, अशा आशयाचा शेरा मारला. बाजाराचा निकाल याच्या अगदी उलट होता. नोव्हेंबर १९७५ च्या अखेरीपासून सलग नऊ आठवडे ही तबकडी ब्रिटनमध्ये विक्रीच्या यादीत पहिली राहिली आणि जानेवारी १९७६ संपण्यापूर्वी तेथे तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. काळाचा निकाल सावकाश आला. १९७७ साली ब्रिटिश ध्वनिमुद्रण उद्योगाने मागील पंचवीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट एकल तबकडीचा मान दुसऱ्या एका गीताबरोबर या गीताला विभागून दिला. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरीचे निधन झाल्यावर ते पुन्हा पहिल्या स्थानी गेले. २०२२ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला.

यावरून सोपा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. ते म्हणतात, समीक्षक चुकले, लोक बरोबर ठरले. तेव्हा समीक्षा हवीच कशाला? हा निष्कर्ष सुखावणारा असला तरी टिकणारा नाही. विक्रीच्या यादीत पहिली आलेली शेकडो गीते आज कोणाच्या स्मरणात नाहीत. नऊ आठवड्यांच्या खपाने गुणवत्ता सिद्ध होत असती, तर त्या सर्वांनाही हाच न्याय लावावा लागता. शिवाय तो समीक्षक सर्वस्वी चुकला होता असेही म्हणता येत नाही. हे गीत अनेक ठिकाणचे तुकडे जोडून केलेले आहे, हे त्याचे निरीक्षण अचूक होते. जोडकाम म्हणजे आपोआप हलका माल, हे त्याचे गृहीतक मात्र चुकीचे होते. आणि असे गृहीतक तरी मराठी माणसाने मान्य करू नये. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झाला. योगायोगाने दिवस तोच, वर्षे पंच्याण्णव आधीची. त्या नाटकातल्या पदांच्या चाली कर्नाटकी वळणाच्या होत्या, हिंदुस्थानी होत्या, साकी-दिंडीच्या होत्या आणि लावणीच्याही होत्या. त्या जोडकामातून आपल्या संगीत रंगभूमीची परंपरा उभी राहिली.

सरकी आणि रुई

या तबकडीच्या हिशेबात अर्थशास्त्राचा एक लहानसा पाठ दडलेला आहे. तिच्या दुसऱ्या बाजूला ढोलवादक रॉजर टेलर याने रचलेले, मोटारीवरच्या प्रेमाचे एक गीत होते. लोक तबकडी घेत ते पहिल्या बाजूसाठी. परंतु विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे दोन्ही बाजूंच्या रचनाकारांना सारखाच मोबदला मिळे. मार्शलने संयुक्त पुरवठ्याचा सिद्धान्त मांडला, तो वऱ्हाडच्या माणसाला वेगळा समजावून द्यावा लागत नाही. कपाशीच्या बोंडातून रुई आणि सरकी एकत्रच येतात. गिऱ्हाईक रुईचे असते, पण सरकीलाही तेल आणि ढेप यांमुळे दाम मिळतो. मात्र सरकीला रुईचाच भाव कोणी देत नाही. तबकडीच्या करारात नेमके तेच घडले आणि त्यावरून वाद्यवृंदात कुरबुर झाली. पुढे १९८९ च्या सुमारास या चौघांनी सर्व रचना एकत्रित नावाने प्रसिद्ध करण्याचे ठरविले आणि वाद संपविला. कलेच्या क्षेत्रात मोल आणि दाम यांचा सांधा किती सैल असतो, हे यावरून ध्यानात यावे.

कारंजाचा धडा

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. १८८६ साली वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाचा बाजार कायद्याच्या नियमनाखाली आणण्यात आला. हिंदुस्थानातला तो पहिला नियंत्रित बाजार. पाठोपाठ १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला; शेतमालाच्या बाजाराविषयीचा देशातला तो पहिला. इंग्रज सरकारला मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी स्वच्छ कापूस हवा होता, हा त्यातला स्वार्थ उघड आहे. तरीही त्यातून जे तत्त्व प्रस्थापित झाले ते शेतकऱ्याच्या उपयोगाचे होते. माल उघड्यावर पाहावा, वजन सर्वांसमक्ष व्हावे आणि भाव बोलून ठरावा, असे ते तत्त्व होते. तोवर देशातल्या अनेक बाजारांत अडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल त्याला त्या बोटांची भाषा कळत नसे. रुमाल काढून टाकणे, हा बाजारसुधारणेचा पहिला धडा होय.

दुसरा धडा प्रतवारीचा. १९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली, तेव्हा धाग्याची लांबी, रंग, कचरा आणि ओलावा पाहून केंद्रावर प्रत ठरू लागली. ती योजना आता राहिलेली नाही. पण हमीभावाच्या खरेदीत आजही आठ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव आणि बारा टक्क्यांपर्यंत कपात, असा जाहीर नियम आहे. प्रतवारीबद्दल शेतकऱ्याच्या तक्रारी तेव्हाही होत्या, आजही आहेत. तथापि तक्रार करता येते ती कसोटी जाहीर असल्यामुळेच. माझ्या कापसात ओलावा नऊ टक्के आहे, पुन्हा मोजा, असे तो म्हणू शकतो. तुमचा कापूस मला भावला नाही, एवढेच त्याला ऐकविले असते तर त्याने वाद कशाच्या आधारावर घातला असता?

प्रतवारीच नसेल तर काय होते, हे जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० च्या एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. गिऱ्हाइकाला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल, तर तो दोहोंना सरासरी भावच देऊ करतो. त्या भावात चांगल्या मालाचा धनी बाजारातून निघून जातो, मग सरासरी आणखी खालावते आणि शेवटी वाईट मालच उरतो. निबंधातले गाजलेले उदाहरण वापरलेल्या मोटारींचे आहे. पण लांब धाग्याचा कापूस मेहनतीने पिकवून तो आखूड धाग्याच्या भावात घालावा लागलेल्या कास्तकाराला त्या निबंधातला मुद्दा दोन वाक्यांत कळेल. पुढल्या वर्षी तो मेहनत कमी करतो.

आजचा रुमाल

साहित्य-संगीताच्या क्षेत्रात समीक्षक हा प्रतवारी करणारा असतो. तो चुकू शकतो, १९७५ मध्ये लंडनला चुकला तसा. परंतु त्याचे म्हणणे छापलेले होते, त्याला कारणे जोडलेली होती, म्हणून तर पन्नास वर्षांनंतर आपण त्याची चूक नेमकी दाखवू शकतो. उघड्या लिलावात चूक झाली तरी ती सर्वांच्या देखत होते आणि दुरुस्तही करता येते.

आज ही जागा आकड्यांनी घेतली आहे. गीत किती लाख वेळा पाहिले गेले, किती कोटी वेळा ऐकले गेले, एवढाच त्याचा परिचय उरला आहे. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ची अजय-अतुल यांनी बांधलेली गीते घराघरांत वाजली. त्यांतल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे आणि आपल्या ठेक्याचे नाते कसे साधले आहे, याविषयी किती मराठी वाचकांना काही वाचायला मिळाले? २०२४ साली ‘तांबडी चामडी’ हे मराठी गीत एका डच कंपनीमार्फत जगभर गेले. त्याच्याही आकड्यांची चर्चा झाली तितकी घडणीची झाली नाही. गीते लोकप्रिय होऊ नयेत असे कोणीही समंजस माणूस म्हणणार नाही. परंतु कोणते गीत आपल्यापुढे येणार, हे ज्या यंत्रणा ठरवितात त्यांच्या कसोट्या आपल्याला दिसत नाहीत. जुना रुमालच तेथे नव्या कापडाचा होऊन आला आहे.

या बाजाराचा आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. २०२४ पासून स्पॉटिफाय या कंपनीने असे ठरविले आहे की, मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गीताला त्या ध्वनिमुद्रणाचा मोबदला मिळणार नाही. हिशेबाच्या सोयीसाठी हा नियम समर्थनीय ठरेलही. तरी त्याचा अर्थ असा की, एका पोत्याहून कमी कापूस आणणाऱ्याचा माल वजनकाट्यावरच घ्यायचा नाही. शेर्विन रोझेन याने १९८१ मध्ये ताऱ्यांच्या अर्थशास्त्राविषयी लिहिले, त्याची येथे आठवण होते. यंत्रांमुळे एकाच कलावंताचा आवाज सर्वत्र पोचू लागला की गुणांतला थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड होऊन बसतो. मग दर्यापूर किंवा मूर्तिजापूरच्या एखाद्या नव्या गायकाच्या गुणांची पहिली नोंद कोणी घ्यायची? आकडे ती घेऊ शकत नाहीत. आकडे नोंद झाल्यानंतर वाढतात.

बंदीहुकूम आणि बाराखडी

प्रतवारी करण्याऐवजी दार बंद करण्याचा मार्गही आपण अनुभवला आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले डॉ. बा. वि. केसकर हे व्यासंगी गृहस्थ होते आणि शास्त्रीय संगीताविषयीची त्यांची तळमळ खरी होती. चित्रपटगीते हलकी आहेत, असे ठरवून त्यांनी आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. त्याच वर्षी तेथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशभर गाजली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविधभारती सुरू करावी लागली. केसकरांच्या अभिरुचीशी मतभेद असणे वेगळे. त्यांच्या पद्धतीत दोष हा होता की तिच्यात चांगले चित्रगीत आणि वाईट चित्रगीत असा भेदच उरला नाही. सगळ्याच मालाला एक ठप्पा बसला. शास्त्रीय संगीताला आकाशवाणीने दिलेला आधार मोठा होता, हे येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु एकाला आधार देण्यासाठी दुसऱ्याला दार बंद करावे लागत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या अमरावतीचे आहे. सुरेश भट हे या गावचे सुपुत्र. ‘रूपगंधा’, ‘रंग माझा वेगळा’, ‘एल्गार’ या संग्रहांनी मराठी गझल लोकांपर्यंत गेली. हा काव्यप्रकार मराठीचा आहे काय, त्याला कविता म्हणावे काय, असा वाद बरीच वर्षे चालला. भटांनी समीक्षकांना उत्तरे दिली, प्रसंगी तिखट दिली. पण त्यांचे खरे उत्तर ‘गझलेची बाराखडी’ हे छोटे टिपण होते. मतला म्हणजे काय, काफिया कसा असतो, रदीफ कोणता, वृत्त का सांभाळायचे, हे त्यांनी नवोदितांसाठी साध्या भाषेत लिहिले आणि ते मुक्तहस्ते वाटले. ज्याची प्रतवारी व्हायची त्याच्याच हाती त्यांनी कसोटी दिली. खेड्यातल्या एखाद्या मुलाने गझल लिहिली, तर ती कोठे जमली आणि कोठे फसली हे तो स्वतः पडताळू शकत होता. कारंजाच्या बाजाराने कापसासाठी जे केले ते या कवीने कवितेसाठी केले, असे म्हणायला हरकत नाही. कसोटी जाहीर झाल्यावरही उत्तम गझल आणि केवळ निर्दोष गझल यांतले अंतर उरतेच. ते अंतर ओळखण्यासाठी जाण लागते, आणि ती जाण असलेल्या माणसानेही आपली कारणे सांगितली पाहिजेत.

आपल्या वर्गातली प्रतवारी

हा सर्व विचार अखेर शिक्षकांपर्यंत येऊन पोचतो, कारण समाजातले सर्वांत मोठ्या संख्येचे समीक्षक आपणच आहोत. दरवर्षी हजारो उत्तरपत्रिकांवर आपण शेरे मारतो. विद्यापीठांनी पुनर्मूल्यांकनाची आणि उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीची सोय केली तेव्हा काही प्राध्यापकांना तो अविश्वास वाटला. वास्तविक तो उघडा लिलाव आहे. आपण दिलेले गुण दुसऱ्याला तपासता यावेत, यात आपला अपमान कोणता?

मात्र उत्तरपत्रिकेत न मावणाऱ्या गुणांचे काय? पाचगणीची शाळा ऐपत असलेल्यांची होती, तिची तुलना जिल्हा परिषदेच्या शाळेशी कशी करावी, असा आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. परंतु कायद्याने हा प्रश्न ऐपतीवर सोडलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे की, सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अर्धवेळ निदेशक असले पाहिजेत. तरतूद शाळेच्या मर्जीवर ठेवलेली नाही. असे असताना कलेचा तास वेळापत्रकात लिहायचा आणि तो गणिताला द्यायचा, हा प्रघात आपण किती काळ चालवणार? एका संवादिनीची आणि आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्या शिक्षकाची किंमत, शाळेच्या इतर कित्येक खर्चांच्या मानाने, थोडी आहे. पाचगणीत ती आईवडिलांनी भरली. येथे ती समाजाने भरायची आहे, कारण ज्या कारकुनाच्या किंवा शेतमजुराच्या मुलाच्या गळ्यात सूर आहे त्याच्या घरी जादा फीचे पत्र पाठवून उपयोग नाही.

यावर कोणी म्हणेल की, हजारांत एखादाच मर्क्युरी निघतो. त्याच्यासाठी सर्वांवर खर्च का? या हिशेबात चूक अशी आहे की, त्यात फायदा केवळ त्या एकाच्या उत्पन्नाने मोजला जातो. उरलेले नऊशे नव्व्याण्णव उद्याचे श्रोते आहेत. ध्रुवपद नसलेले गीतही ऐकण्याजोगे असू शकते, हे ज्याला शाळेत उमगले तो पुढे आकड्यांच्या मागे फरफटत जात नाही. जाणता गिऱ्हाईक असल्याखेरीज चांगल्या मालाला बाजार मिळत नाही, हे ॲकरलॉफचे सूत्र येथेही तितकेच लागू आहे.

तेव्हा मागणी मर्यादित आहे. शिक्षण हक्क कायद्याने सांगितलेले कलेचे निदेशक प्रत्येक पात्र शाळेत नेमावेत आणि त्यांचा तास त्यांनाच द्यावा. अमरावती आणि अकोल्याच्या शिक्षक संघटनांनी वेतनाच्या मागण्यांबरोबर ही मागणीही लावून धरावी. वृत्तपत्रांनी नव्या गीतांच्या, संग्रहांच्या आणि प्रयोगांच्या परीक्षणांना पुन्हा ठरलेली जागा द्यावी आणि परीक्षण लिहिणाऱ्याने आवडले-नावडले यापुढे जाऊन कारणे द्यावीत. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या आवडत्या गीताविषयी ‘एवढ्या कोटींनी पाहिले’ हे सांगणे थोडा वेळ थांबवून, त्यात आहे काय, हे मित्राला दोन वाक्यांत सांगून पाहावे. त्यातली काही मते चुकतील. पन्नास वर्षांपूर्वी लंडनमध्येही चुकली होती. पण ती छापलेली आणि सकारण होती, म्हणून पुढल्या पिढीला ती दुरुस्त करता आली. आपल्या मुलांच्या गुणांविषयी आज काही नोंदलेच गेले नाही, तर उद्या दुरुस्त करायलाही काही उरणार नाही.